त्रस्त नागरिकाचा वसंत

वीस वर्षं मी वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत होते आणि त्या पत्रांनी पुण्यातला एक खड्डासुद्धा बुजला नाही. बसथांब्याला छप्पर हवं म्हणून लिहिलं, मांडवातल्या ध्वनिवर्धकांबद्दल लिहिलं, दहावीच्या प्रश्नपत्रिकेतल्या चुकांबद्दल लिहिलं, दुधाच्या पिशवीवर तारीख कुठे छापावी याबद्दल तर तीनदा लिहिलं. छप्पर आलं नाही आणि ध्वनिवर्धक दुप्पट झाले. मला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. आमच्याकडे पत्र काम व्हावं म्हणून लिहीत नाहीत. आपण गप्प बसलो नाही हे चारचौघांना कळावं म्हणून लिहितात. शिवाय मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते, त्यामुळे पत्रलेखन हा माझा हातखंडा. मायना, विषय, मुद्दे, समारोप, सगळं जागच्या जागी असायचं.

एकदाच असं झालं की मी पत्र लिहिलं आणि त्यातल्या मागण्या एकामागून एक पूर्ण झाल्या. ती हकिगत मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सांगण्यासारखी नाहीच.

आमच्या ह्यांनी अठ्ठावीस वर्षं पिंपरीकडच्या एका कारखान्यात काढली. काम तपासणीचं. यंत्रावरून उतरलेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं आणि कागदावर दोन-तीन शब्दांत शेरा मारायचा. ‘मापात.’ ‘परत पाठवा.’ ‘धार गेली.’ घरीही ते तसंच बोलत. आमटी चांगली झाली तर गप्प जेवत, नाही तर ‘मीठ कमी’ एवढंच. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मला वाटायचं की हा माणूस माझ्यावर रागावलाय. नंतर कळलं की मी मापात आहे.

मग उदारीकरण आलं. त्यामागून संगणकावर चालणारी यंत्रं आली. ती यंत्रं भाग करायची आणि स्वतःच तपासायची. शेवटी एक दिवस स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. त्यातली स्वेच्छा कंपनीची होती आणि निवृत्ती ह्यांची. चोपन्नाव्या वर्षी एक शाल, एक घड्याळ आणि एक ग्रुप फोटो घेऊन हे घरी आले. ज्या माणसाला कामावर यायचं नाही त्याला घड्याळ का देतात, हे मला अजून समजलेलं नाही.

पहिले तीन महिने ह्यांनी घर दुरुस्त केलं. गळके नळ केले, मग न गळणारे नळ केले. इस्त्री उघडली, मिक्सर उघडला, माझं गजराचं घड्याळ मागून घेऊन तेही उघडलं. दुरुस्त करायला काही उरलं नाही तेव्हा ते गॅलरीत बसायला लागले. मी साडेदहाला शाळेत निघायचे तेव्हा ते खुर्चीत असत आणि पाचला परत यायचे तेव्हा त्याच खुर्चीत. त्या दिवसांत मला खरोखर भीती वाटायची. एखादं यंत्र बंद पडलं तर निदान आवाज बंद होतो. ह्यांचा मुळात आवाजच नव्हता, त्यामुळे काही कळत नसे. एक दिवस गॅलरीतली खुर्ची रिकामी दिसली आणि मी पर्स खांद्यालाच ठेवून सगळ्या खोल्या बघून आले. हे तळ्यावर गेले होते.

तळं आमच्या सोसायटीपासून दहा मिनिटांवर. पेठेतली जागा सोडून आम्ही या बाजूला आलो तेव्हा बिल्डरच्या गुळगुळीत कागदावर ‘लेक व्ह्यू’ असं छापलेलं होतं. लेक होतं, पण व्ह्यू फक्त वरच्या चार मजल्यांना होता आणि आम्ही दुसऱ्यावर. तळ्याच्या काठाला बाग करायचं कुणीतरी कधीतरी ठरवलं होतं. त्यासाठी एक लोखंडी फाटक बसवलं, फाटकाला कुलूप लावलं आणि मग सगळे विसरून गेले. भिंत बांधलीच नव्हती. त्यामुळे लोक फाटकाला वळसा घालून आत जात, आणि बरेच जण आधी कुलूप हलवून बघत.

कुणाचं लक्ष नसल्यामुळे त्या काठावर फार चांगलं चाललं होतं. रुई, घाणेरी, आघाडा, काटेधोत्रा, ज्याला जिथे हवं तिथे तो उगवला होता. मध्ये दोन-तीन काटेसावरी, एक पांगारा, एक वाकडा पळस आणि पलीकडे खडीचा एक ओसाड तुकडा. मी एकदाच तिथे गेले. परत आले तेव्हा माझ्या साडीच्या काठाला इतकं कुसळ लागलं होतं की मला ते काढत अर्धा रविवार बसावं लागलं.

ह्यांचं मात्र तिथे बस्तान बसलं. सकाळी सहाला जात आणि नऊला परत येत. तेव्हा मी डबा करण्याच्या घाईत असे. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत आणि दिवसाचा शेरा देत.

“सावर आली.”

दुसऱ्या दिवशी, “तांबट सुरू.”

माघ संपत आला की रोज काही ना काही असायचं. पांगारा लाल झाला. शिंजीर घरटं विणतोय. पळस उशिरा. ढोकरी बगळ्याने रंग बदलला, पाठ विटकरी केली. एकदा म्हणाले, “धोबी गेले.” मी पोळी लाटता लाटता ओरडले, “अहो, कुठे गेले? माझ्या दोन साड्या आहेत त्यांच्याकडे!” हे पाच मिनिटं हसत होते. निवृत्तीनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मग समजावून सांगितलं की धोबी म्हणजे शेपटी हलवणारा तो काळापांढरा पक्षी, थंडीपुरता येतो, ऊन वाढलं की उत्तरेला जातो. पुण्यातल्या बाकीच्या लोकांना वसंत आल्याचं आंब्याच्या पेटीच्या भावावरून कळतं. आमच्याकडे ही बातमी रोज ताजी येत होती आणि मी कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष देत ती अर्ध्या कानाने ऐकत होते. पण माणूस परत बोलायला लागला होता, हे मला समजत होतं. तेवढं तरी समजत होतं.

तळ्यावर फिरायला येणारे इतरही होते. पांढरे कॅनव्हासचे बूट, कानटोपी, हात जोरजोरात पुढेमागे. हे लोक तळ्याकडे पाठ करून रस्त्याच्या कडेने चालत आणि शेअर बाजारावर बोलत. त्यांच्यातल्या निम्म्यांची मुलं अमेरिकेत आणि उरलेल्या निम्म्यांची इथेच, खराडीच्या संगणक कंपन्यांत. खराडीवाले अमेरिकावाल्यांच्या अर्धं पाऊल मागून चालत. डोक्यावर तांबट टुकटुक करून घसा फोडून घ्यायचा, तरी एकाने मान वर केली नाही. त्यांना आमचे हे चमत्कारिक वाटत. वाटू देत, असं मी म्हणायला हवं होतं.

चैत्रात खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे हळदीकुंकू होतं. बाईंचा मुलगा कॅलिफोर्नियात. त्यांच्या चैत्रगौरीपुढे कलिंगडाच्या कमळाशेजारी परदेशी चॉकलेटं मांडलेली असत, देवीलाही कळावं म्हणून. आंब्याची डाळ, पन्हं, चौदा-पंधरा बायका. आणि त्या भरल्या घरात बाईंनी माझ्या हातावर हरभरे ठेवता ठेवता काळजीच्या सुरात विचारलं, “काल तुमचे मिस्टर तळ्याच्या कडेला आडवे पडलेले दिसले हो आमच्या ह्यांना. पालथे. हाक मारली तर हातानेच गप्प बसा म्हणाले. घरी सगळं ठीक आहे ना? नाही, नोकरी गेली की काही काही माणसं… आपल्याला कळतही नाही.”

सगळ्या बायका एकदम पन्ह्याच्या पेल्यात बघायला लागल्या. काही काही माणसं काय करायला लागतात, ते कुणालाच विचारावं लागलं नाही.

मी घरी आले. हे तळ्यावरच्या नोंदींची वही उघडून बसले होते. “टिटवीची चार अंडी,” म्हणाले. “खडीत. दगडासारखीच दिसतात. जवळ गेलं तर उठते, म्हणून लांबून बघावं लागतं.” त्यासाठी ते पालथे पडले होते. तिथेच भुईरिंगणीला जांभळं फूल आलं होतं, जमिनीला चिकटून, तेही आडवं पडल्याशिवाय दिसत नाही. ह्यांच्या सदऱ्याला पुढून माती लागली होती आणि चेहरा मात्र एखाद्या बक्षीस मिळालेल्या मुलासारखा होता.

“लोक काय म्हणतात माहीत आहे का?” मी म्हणाले.

“काय?”

मला ते सांगता आलं नाही. नवऱ्याला तोंडावर बोलायचं धाडस नसलं की माणसाने काय करावं? गप्प बसावं. मी टेबलाशी जाऊन बसले आणि कोरा कागद पुढे ओढला.

पत्र झकास उतरलं. ‘तळ्याकाठच्या नियोजित उद्यानाची दुरवस्था पाहून कोणाही सुजाण नागरिकाची मान शरमेने खाली जाईल’ अशी सुरुवात केली. मग पाच मागण्या. एक, रानटी झुडपे व तण समूळ काढावेत. दोन, त्या जागी हिरवळ लावावी. तीन, चालण्यासाठी फरसबंद मार्ग करावा. चार, बाके, कचरापेट्या व सूचनाफलक बसवावेत. माझा हिशेब साधा होता. झुडपंच नसली तर हे त्यात पालथे पडणार नाहीत, बाक असलं तर बाकावर बसतील, रस्ता असला तर रस्त्याने चालतील, चार लोकांसारखे, उभे.

आणि पाचवी मागणी. ‘या झुडपांत भरदिवसा काही निरुद्योगी इसम आडवे पडलेले आढळतात. महिलावर्गास त्यामुळे संकोच होतो. अशा इसमांना प्रतिबंध करण्यात यावा.’

हे वाक्य लिहिताना माझा हात थरथरला, असं इथे लिहिता आलं असतं. थरथरला नाही. वाक्य जमलं म्हणून मी खूश झाले.

खाली ‘एक त्रस्त नागरिक’ अशी सही करून मी ते वर्तमानपत्राकडे पाठवलं. एक प्रत उद्यानांचं बघणाऱ्या खात्याला. कोणतं खातं ते सांगत नाही. ते अजून आहे आणि मीही अजून पुण्यातच राहते. त्या प्रतीवर मात्र माझं पूर्ण नाव, पत्ता आणि सही केली. निनावी अर्ज केराच्या टोपलीत जातात, असं मी दरवर्षी नववीच्या मुलींना शिकवत असे. आपण शिकवतो ते आपण पाळलं पाहिजे, हा एक भलता रोग शिक्षकांना असतो.

वर्तमानपत्राने पत्राला कात्री लावून त्याच्या चार ओळी केल्या. त्यात पाचवी मागणी आली नाही. ह्यांनी त्या चार ओळी सकाळी मोठ्याने वाचल्या आणि म्हणाले, “कुणीतरी रिकामटेकडा दिसतोय.” मी चहात साखर घातली होती की नाही ते आठवेना, म्हणून परत घातली. “साखर जास्त,” हे म्हणाले.

पाऊस झाला, दिवाळी झाली, मी पत्र विसरून गेले. माझ्या इतर पत्रांचा इतिहास बघता तसं विसरणं अगदी रास्त होतं. पण मधल्या काळात तळ्याच्या पलीकडच्या अंगाला निळ्या काचांची एक मोठी इमारत उभी राहिली. आत संगणकाचं काम. तिथे परदेशातले साहेब येणार होते आणि काचेतून त्यांना रुई आणि आघाडा दिसणार होता. कुणाला तरी ते बरं वाटलं नसावं. आता असं काम काढायचं तर कागदावर कारण लागतं, आणि कारण त्यांच्या फायलीत तयारच होतं, सुवाच्य अक्षरात, मुद्दे घालून.

माघात एका सकाळी हे सहाला गेले आणि साडेसहालाच परत आले. दारात उभे राहिले. मला वाटलं, सावर आली असणार.

“सगळं काढतायत,” म्हणाले.

पिवळं यंत्र आलं होतं. ह्यांनी त्याच्या पुढे जाऊन उभं राहून बघितलं. मुकादम भला माणूस होता. तो म्हणाला, “काका, बाजूला व्हा. वरनं आर्डर हाय. नागरिकांचीच मागणी हाय ना ही.” ह्यांनी त्याला सांगितलं की निदान सावरीचं झाड ठेवा, कळ्या आल्यात. मुकादम म्हणाला, “काटं हायती काका तिला. पोरांना लागत्याल.” हे सगळं ह्यांनी मला एका दमात सांगितलं. एवढं लांबलचक ते लग्नाच्या वेळीही बोलले नव्हते. आणि मी ‘नागरिकांची मागणी’ हे शब्द ऐकले आणि माझी तव्यावरची पोळी करपली.

महिनाभरात बाग झाली. एखाद्या पत्राप्रमाणे बाग करून दाखवा अशी स्पर्धा ठेवली असती तर तिला पहिला नंबर मिळाला असता. झुडपं समूळ गेली होती. हिरवळीच्या गाद्या आणून अंथरल्या होत्या. लाल-करड्या फरश्यांचा गोल रस्ता केला होता, खडीचा तुकडा त्याच्याखाली गेला. कचरापेट्या पेंग्विनच्या आकाराच्या होत्या, चोच वासून ‘मला वापरा’ म्हणणाऱ्या. तळ्यावर पक्षी नाहीत असं आता कुणाला म्हणता येणार नव्हतं. खांबांवर कर्णे बसवले होते आणि त्यातून सकाळी साडेसहा ते आठ पक्ष्यांच्या किलबिलीची कॅसेट लागत असे. फुलाचा पत्ता नव्हता, पण ‘फुले तोडू नयेत’ असा फलक होता. लोक भारावून गेले. कानटोप्या रस्त्यावरून आत आल्या. खालच्या बाई म्हणाल्या, “अगदी फॉरेनसारखं झालंय हो.”

चैत्रात टिटवी आली. जिथे खडी होती त्या जागेवरून ती ओरडत घिरट्या घालत राहिली. हे मला ह्यांनी सांगितलं नाही, मी स्वतः गॅलरीतून ऐकलं. तीन दिवस ऐकलं. चौथ्या दिवशी नुसती कॅसेट होती.

त्या दिवशी ह्यांनी माझ्यापुढे कागद आणि पेन ठेवलं. “तू पत्र लिही,” म्हणाले. “तुला चांगलं जमतं. मी सांगतो काय काय होतं ते.”

मी लिहायला बसले. हे फेऱ्या घालत सांगत होते आणि मी उतरवत होते. काटेसावरी तीन. पांगारा एक. भुईरिंगणी. काटेधोत्रा, त्याच्यावर फुलपाखरं. विष्णुक्रांता, निळी, मुगाच्या डाळीएवढी. शिंजीर घाणेरीवर. टिटवी, चार अंडी. वहीतून एकेक नाव काढून ते अगदी सांभाळून सांगत होते. मी एवढी वर्षं त्यांच्याबरोबर राहत होते आणि त्यातलं एकही फूल मी नीट बघितलं नव्हतं. काढायला मात्र सांगितलं होतं.

चोराच्या मनात चांदणं. मी स्वतःच्या पहिल्या पत्राला सडेतोड उत्तर दिलं. ‘पूर्वीच्या पत्रलेखकास निसर्गाची जाण तर नाहीच, पण माणुसकीचीही नसावी’ असं लिहिलं. ह्यांनी वाचलं आणि ती ओळ खोडायला सांगितली. “कडक झालं,” म्हणाले. “त्या बिचाऱ्याला काय माहीत, तिथे काय होतं ते.”

तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. सांगितलं नाही. मला वाटलं, हे पत्रही इतर पत्रांसारखं जाईल आणि विषय मिटेल. पण ह्यांनी बूट घातले. “पोस्टाने नको. आपण हातात देऊ. तू बोल.”

सरकारी कचेरीत कागद हरवतात, या एका श्रद्धेवर मी त्या कचेरीचा जिना चढले. इतकी वर्षं मी ज्या ढिसाळपणाविरुद्ध लिहीत आले, त्याची मी मनातून प्रार्थना करत होते. पण देव नेमका त्याच वर्षी सुधारला होता. टेबलावर नवा कोरा संगणक आला होता आणि त्याच्यापुढे एक चुणचुणीत मुलगी बसली होती. तिने मला आडनाव विचारलं. दोन बटणं दाबली. “मॅडम, तुमची ऑलरेडी एक फाइल आहे आपल्याकडे,” ती म्हणाली आणि मला काही सुचायच्या आत फाइल घेऊन साहेबांच्या खोलीत शिरली.

साहेब उठून उभे राहिले. “अहो, या, या! बसा. म्हणजे त्या आपणच! आपल्याच पत्रावर सगळं काम झालंय. आम्ही बैठकीत वाचून दाखवलं, नागरिकांनी मागणी कशी करावी याचा नमुना म्हणून.” चहा सांगितला. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, “आपण मिस्टर का? भाग्यवान आहात. वाचा ना, अक्षर तर काय मोत्यासारखं.” आणि माझं पत्र ह्यांच्या हातात दिलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी साहेबांच्या टेबलावरची टाचण्यांची डबी बघत बसले. ह्यांनी चष्मा लावला. कारखान्यातला कागद वाचायचे तसं वाचलं, अंगठा एकेका ओळीवरून खाली नेत. पाचव्या मागणीपाशी अंगठा थांबला. मग परत त्याच ओळीच्या सुरुवातीला गेला आणि पुन्हा एकदा शेवटपर्यंत आला.

“चार पूर्ण,” हे म्हणाले. “पाचवी राहिली.”

“त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत,” साहेब म्हणाले. “वॉचमनची जागा मंजूर नाही हो. पण आता झुडपंच नाहीत म्हटल्यावर ते इसम पडणार कुठे?” आणि ते मनापासून हसले.

“पाचवीचं मी बघतो,” हे म्हणाले.

“वा! असे ज्येष्ठ नागरिक हवेत आपल्याला,” साहेब म्हणाले आणि आपल्या हाताने ह्यांच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. ह्यांनी एक बिस्कीट घेतलं, खाल्लं. दुसरं पत्र माझ्या पर्समध्येच राहिलं. ते कुणी मागितलं नाही.

परतताना बसमध्ये आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. मी म्हणाले, “अहो, माझं चुकलं. मला तुमची लाज वाटली, म्हणून लिहिलं. खालच्या बाई सगळ्यांसमोर बोलल्या आणि मला तुमची लाज वाटली.” इतकं खरं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि तेही बसमध्ये, तिकीट हातात धरून.

हे खिडकीतून बाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले, “पत्र मापात होतं.”

त्या संध्याकाळी ते बाजारात जाऊन पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सहाला गेले आणि सातला परत आले, नऊला नाही. सदऱ्याला कुठे मातीचा कण नव्हता. मी दारातच उभी होते.

“काय दिसलं आज?” मी विचारलं. मला हे कधी विचारावं लागलं नव्हतं.

“आठ फेऱ्या झाल्या,” ते म्हणाले आणि पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले.